दर तासाला स्नॅपशॉट घेतला की डिस्क मंदावते का? बदलायचं काय, फाइलसिस्टीम की डिस्क?

पहाटवारा

मांडणी अशी आहे. १ टीबीची एक एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), तिच्यावर फक्त ऑपरेटिंग सिस्टीम, बाकी मोकळी. ८ टीबीच्या दोन ७२०० आरपीएम हार्डडिस्क, बीटीआरएफएस या फाइलसिस्टीमच्या रेड१ मध्ये, म्हणजे आरशासारखा दोन्हींवर तोच डेटा. या जोडीवर सगळं एकत्र नांदतंय: फोटो, कागदपत्रं, तीन व्हीएमच्या (आभासी मशीनच्या) रॉ इमेज, म्हणजे त्यांच्या डिस्कच्या फाइली, आणि एक पोस्टग्रेस डेटाबेस. दर तासाला स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाची गोठवलेली प्रत) होतो. २४ तासांचे, ३० दिवसांचे आणि १२ महिन्यांचे ठेवले जातात.

सुरुवातीचे काही महिने सगळं सुरळीत होतं. आता व्हीएमची इमेज बॅकअपसाठी वाचायला घेतली की संपता संपत नाही, आणि जुने स्नॅपशॉट पुसले जातात तेव्हा डेटाबेसचे कमिट (बदल कायम करणं) अडकून बसतात. फोटोंच्या फोल्डरला मात्र काहीही झालेलं नाही.

दोन पर्याय समोर आहेत: ईएक्सटी४ आणि एलव्हीएमचे (डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटणाऱ्या थराचे) स्नॅपशॉट, नाहीतर सरळ झेडएफएस ही दुसरी फाइलसिस्टीम. कोणता घ्यावा? की दोष स्नॅपशॉटचाच आहे?

लोहबंद

उत्तराआधी चार गोष्टी सांगा.

१. डिस्क सीएमआर (नेहमीच्या) आहेत की एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवलेल्या, पुन्हा लिहायला मंद)? मॉडेल नंबर घेऊन निर्मात्याच्या माहितीपत्रकात बघा, खोक्यावर विसंबू नका.
२. सगळ्यात मोठ्या व्हीएम इमेजवर फाइलफ्रॅग चालवून किती एक्स्टेंट (फाइलचे सलग तुकडे) येतात?
३. व्हॉल्यूम किती भरलाय? डीएफचा आकडा नको, बीटीआरएफएसच्या स्वतःच्या यूसेज कमांडचा द्या.
४. रॅम किती?

दशदिशा

मूळ कारण धागाकर्त्यांनीच लिहिलंय: फोटोंना काही झालेलं नाही.

फोटो एकदा लिहिला की पुन्हा बदलत नाही. डेटाबेस आणि व्हीएम इमेज यांचं उलट असतं. फाइल तीच, आकार तोच, पण मधले ४, ८, १६ केबीचे तुकडे दिवसभर पुन्हा पुन्हा लिहिले जातात. ईएक्सटी४ किंवा साधी एक्सएफएस नवा तुकडा जुन्याच जागी लिहिते. कॉपी-ऑन-राइट फाइलसिस्टीम, म्हणजे बीटीआरएफएस आणि झेडएफएस, तो दुसरीकडे लिहितात आणि पत्ता बदलतात. हे स्नॅपशॉट असो वा नसो, होतंच. त्यामुळे एकसलग असलेली इमेज काही महिन्यांत डिस्कभर विखुरते.

स्नॅपशॉटचा वाटा वेगळा आहे. तो घेणं जवळजवळ फुकट असतं. पण त्याने जुने तुकडे धरून ठेवले की ती जागा मोकळी होत नाही, मोकळ्या जागेची चाळण होते आणि नवे तुकडे आणखी लांब जाऊन पडतात. बीटीआरएफएसमध्ये भर अशी की मोठ्या एक्स्टेंटच्या मधला ४ केबी बदलला तरी जुना एक्स्टेंट अख्खाच धरला जातो, त्यातला एक जरी बाइट कुणी वापरत असेल तोपर्यंत. एक एक्स्टेंट १२८ एमबीपर्यंत असू शकतो.

म्हणजे आळ स्नॅपशॉटवर आला तरी खरं दुखणं आहे ते अशा लिखाणाची फिरत्या डिस्कशी घातलेली गाठ.

कंदील

> ईएक्सटी४ आणि एलव्हीएमचे स्नॅपशॉट

हे कृपा करून करू नका. निदान जुन्या पद्धतीचे एलव्हीएम स्नॅपशॉट तरी नकोत.

ते काम असं करतात: मूळ व्हॉल्यूमच्या एखाद्या चंकवर (ठरलेल्या आकाराच्या तुकड्यावर) स्नॅपशॉटनंतर पहिल्यांदा लिहायचं असेल, तर आधी जुना चंक वाचा, तो स्नॅपशॉटच्या राखीव जागेत लिहा, त्याची नोंद लिहा, मग मूळ जागी नवं लिहा. एका लिखाणाची चार कामं झाली, आणि डिस्कचं डोकं दोन-तीन ठिकाणी धावलं. शिवाय प्रत्येक स्नॅपशॉटची राखीव जागा स्वतंत्र. एकाच व्हॉल्यूमचे २४ स्नॅपशॉट असतील आणि एखादा चंक त्या २४ तासांत बदललेलाच नसेल, तर पहिल्या बदलाला तो २४ ठिकाणी कॉपी होणार. राखीव जागा भरली की तो स्नॅपशॉट निकामी होतो, त्यातून काही परत मिळत नाही.

हे स्नॅपशॉट बनलेत ते अर्ध्या तासाच्या कामासाठी: घ्या, बॅकअप काढा, पुसा. त्यासाठी आजही उत्तम आहेत. महिनोन्‌महिने पाळण्यासाठी नाहीत.

शिंपला

कंदील, एलव्हीएम थिनमध्ये हा प्रश्न नाही ना? तिथे सगळे स्नॅपशॉट एकाच पूलमधून जागा घेतात आणि सामायिक चंक एकदाच राहतो.

कंदील

बरोबर, २४ पट कॉपीचा प्रश्न थिनमध्ये नाही. पण दोन गोष्टी आधीच करून ठेवा.

चंकचा आकार पूल बनवतानाच ठरतो. लहान पूलला तो बहुधा ६४ केबी असतो, पूल मोठा असेल तर एलव्हीएम स्वतःच मोठा निवडतं. स्नॅपशॉटनंतर ४ केबी लिहिले तरी अख्खा चंक कॉपी होतो, म्हणून भरपूर स्नॅपशॉट घेणार असाल तर तो हाताने लहान ठेवा. उलट, स्नॅपशॉट क्वचितच घ्यायचे असतील तर मोठा चंक बरा, पत्त्यांचा मेटाडेटा कमी लागतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पूल आपोआप वाढण्याची मर्यादा मुळात १०० असते, म्हणजे ती सोय बंद असते. कॉन्फिगरेशनमध्ये थिन पूलची ऑटोएक्स्टेंड मर्यादा ७० किंवा ८० करा, वाढीचा टप्पा २० टक्के ठेवा, आणि व्हॉल्यूम ग्रुपमध्ये त्यासाठी खरोखरची मोकळी जागा सोडा. डेटाची जागा संपली तर लिहिणं थांबतं. मेटाडेटाची जागा संपली तर पूल दुरुस्तीला काढावा लागतो, आणि ते काम अवघड असतं.

पहाटवारा

लोहबंद, ही उत्तरं:

डिस्क सीएमआर आहेत, दोन्ही माहितीपत्रकांत तसं स्पष्ट लिहिलंय. ४० जीबीच्या इमेजला फाइलफ्रॅगने साधारण दीड लाख एक्स्टेंट दाखवले. नियुक्त न झालेली (बीटीआरएफएसने अजून कशालाच न दिलेली) जागा जेमतेम ९ टक्के. रॅम १६ जीबी.

मोजपट्टी

थांबा, दीड लाखावर लगेच विश्वास ठेवू नका. त्या फोल्डरवर झेडएसटीडी कॉम्प्रेशन चालू आहे का? चालू असेल तर बीटीआरएफएस जास्तीत जास्त १२८ केबीचे एक्स्टेंट करते, आणि ४० जीबीची फाइल एकसलग असली तरी फाइलफ्रॅग तीन लाखांच्या वर आकडा दाखवतं. अशा वेळी फाइलफ्रॅगची तपशीलवार यादी काढून लागोपाठचे भौतिक पत्ते सलग आहेत का ते बघावं लागतं.

पहाटवारा

कॉम्प्रेशन फक्त कागदपत्रांच्या सबव्हॉल्यूमवर (स्वतंत्र स्नॅपशॉट घेता येणाऱ्या उपविभागावर) आहे, इमेजवर नाही. यादी काढून बघितली. पत्ते सगळीकडे उड्या मारतात.

मोजपट्टी

मग आकडा खरा. आता त्याची किंमत काढू.

७२०० आरपीएमची चकती एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत पुरी करते, म्हणजे हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी ४.२ मिलिसेकंद. डोकं सरकायला साधारण ८. मिळून एका उडीला १२ मिलिसेकंद धरा. दीड लाख उड्या म्हणजे १८०० सेकंद, अर्धा तास, आणि हा फक्त शोधण्याचा वेळ झाला. तीच फाइल सलग असती तर सेकंदाला १८० एमबीच्या वेगाने पावणेचार मिनिटांत वाचून झाली असती.

आता हीच विखुरलेली फाइल एनव्हीएमईवर आहे असं समजा. तिथे एका लहान वाचनाला, एका वेळी एकच वाचन धरलं तरी, ८० ते १०० मायक्रोसेकंद लागतात. दीड लाख वाचनं १५ सेकंदांत संपली.

फाइलसिस्टीम तीच, स्नॅपशॉट तेवढेच, विखुरणंही तेवढंच. म्हणून माझं उत्तर: धागाकर्त्यांनी फाइलसिस्टीम बदलण्याआधी कोणती फाइल कोणत्या डिस्कवर आहे ते बदलावं.

एक जोड: बीटीआरएफएसच्या रेड१ मध्ये कोणती प्रत वाचायची ते मुळात प्रोसेसच्या क्रमांकावरून ठरतं. एकाच प्रोसेसने चालणारा बॅकअप एकाच डिस्ककडून वाचत राहतो, दुसरी मोकळी बसते. आरशामुळे वाचन दुप्पट होईल ही अपेक्षा इथे ठेवू नका.

उंबरठा

डिस्क न हलवताही उपाय आहे. व्हीएम आणि डेटाबेसच्या फोल्डरवर नो-डेटा-काउ (कॉपी-ऑन-राइट बंद) लावा, म्हणजे सीएचएटीटीआर कमांडचा मोठा सी. फाइल जुन्याच जागी लिहिली जाईल. लक्षात ठेवा, हा झेंडा रिकाम्या फोल्डरला लावायचा आणि मग फाइल खरी कॉपी करून आत आणायची. आधीच डेटा असलेल्या फाइलला तो लागू होत नाही. रीफलिंक करून (जुनेच तुकडे दोन फाइलींत वाटून) आणू नका, रीफलिंक-नेव्हर असा स्पष्ट पर्याय देऊन सीपी करा.

दशदिशा

उंबरठा, इथे मी ठाम असहमत आहे, आणि कारण गंभीर आहे.

नो-डेटा-काउ केलं की त्या फाइलचे चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखणारे आकडे) बंद होतात, कॉम्प्रेशनही बंद. एकट्या डिस्कवर तेवढं चालून जाईल. पण इथे रेड१ आहे. वीज गेली आणि एका डिस्कवर नवा तुकडा पोचला, दुसरीवर नाही, तर दोन प्रती वेगळ्या होतात. चेकसम नसल्यामुळे खरी कोणती ते बीटीआरएफएसला कळायला मार्गच नाही. आज एक प्रत वाचेल, उद्या दुसरी. सगळा डेटा वाचून तपासणारा स्क्रबही काही सांगणार नाही. ज्या आरशासाठी दोन डिस्क घेतल्या, त्याचाच भरवसा त्या फाइलपुरता संपला.

आणि तासागणिक स्नॅपशॉट चालू ठेवले तर फायदाही अर्धाच. स्नॅपशॉटनंतर प्रत्येक तुकड्याचं पहिलं लिखाण कॉपी-ऑन-राइटच होतं, झेंडा असला तरी.

उंबरठा

आरशाबद्दलचा मुद्दा मान्य. रेड१ साठी सल्ला मागे घेतो. एकट्या डिस्कवर आणि स्नॅपशॉट नसलेल्या सबव्हॉल्यूमसाठी मात्र तो योग्यच आहे.

अभ्रक

झेडएफएसबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून लिहितो. तिचा मोठा फायदा म्हणजे डेटासेटनिहाय (उपविभागागणिक) रेकॉर्डसाइझ, म्हणजे फाइल किती मोठ्या तुकड्यांत लिहायची ती मर्यादा. मुळात ती १२८ केबी असते. फोटोंना ती १ एमबी करा, पोस्टग्रेसची पानं ८ केबीची असतात म्हणून तिथे ८ किंवा १६ केबी. मायएसक्यूएलच्या इनोडीबीला १६ केबी.

ही जुळणी केली नाही तर काय होतं बघा: डेटाबेस ८ केबी बदलतो, झेडएफएसला १२८ केबीचा रेकॉर्ड कॅशमध्ये नसेल तर अख्खा वाचावा लागतो आणि अख्खा नव्या जागी लिहावा लागतो. सोळा पट लिखाण. पण म्हणून सगळीकडे ८ केबी करायचं नाही. रेकॉर्ड लहान झाला की कॉम्प्रेशनचा लाभ घटतो, मेटाडेटा वाढतो आणि सलग वाचन फिरत्या डिस्कवर मार खातं. १६ केबी हा बऱ्याचदा चांगला मध्य ठरतो.

रेकॉर्डसाइझ बदलली तरी ती नव्या फाइलींनाच लागू होते. जुनी फाइल पुन्हा लिहून काढावी लागते. आणि ॲशिफ्ट (सेक्टरचा आकार, २ च्या घातात) तर व्हीडेव्ह (पूलमधला डिस्कचा गट) बनवतानाच ठरतो, नंतर बदलत नाही. ४ केबी सेक्टरच्या डिस्कला १२ द्या. आपोआप ओळखेल यावर सोडू नका, कारण अनेक डिस्क सुसंगततेसाठी आपला सेक्टर ५१२ बाइटचा सांगतात.

शिंपला

आणि एनव्हीएमईचा एक भाग एसलॉग म्हणून जोडला की सगळी लिखाणं वेगवान होतील.

अभ्रक

नाही, सगळी नाही. एसलॉग म्हणजे लेखनाची कॅश नव्हे. फक्त सिंक्रोनस लिखाणं, म्हणजे एफसिंक मागणारी, आधी तिथे नोंदली जातात. मूळ डेटा रॅममधूनच दर पाच-एक सेकंदांनी मुख्य डिस्कवर जातो. एसलॉग वाचला जातो तो फक्त अचानक बंद पडल्यानंतर. त्यामुळे तो लहान पुरतो, काही जीबी. डेटाबेसचे कमिट त्याने सुधारतील, फोटो कॉपी करण्यात तसूभरही फरक पडणार नाही.

लोहबंद

आणि त्याला एनव्हीएमई कोणती हे फार महत्त्वाचं. एफसिंकचा अर्थ "वीज गेली तरी हे राहील" असा आहे. सर्व्हरसाठीच्या एसएसडीमध्ये वीज गेल्यावर कॅश रिकामी करण्यापुरती ऊर्जा धरणारे कपॅसिटर असतात, म्हणून ती डेटा स्वतःच्या डीरॅममध्ये येताच होकार देऊ शकते: काही दहा मायक्रोसेकंद. घरगुती एसएसडीमध्ये ते नसतात. प्रामाणिक असेल तर तिला प्रत्येक एफसिंकला नँडपर्यंत (कायम टिकणाऱ्या मेमरीपर्यंत) जावं लागतं, आणि काम मिलिसेकंदांवर जातं. खोक्यावर सेकंदाला ७ जीबी लिहिलेली एनव्हीएमई एफसिंकमध्ये कपॅसिटर असलेल्या जुन्या साटा एसएसडीच्या मागे पडू शकते.

डेटाबेससाठी विकत घेताना मी आधी हे बघतो. सलग वेगाचा आकडा शेवटी.

कोनाडा

हे घरी मोजायचं कसं?

मोजपट्टी

एफआयओ हे डिस्कचा वेग मोजणारं साधन वापरा. रँडम राइट, ब्लॉक ४ केबी, रांगेची खोली १, प्रत्येक लिखाणानंतर एफसिंक, मुदत एक मिनिट. सरासरीवर थांबू नका, ९९व्या शतमकाचा विलंब बघा. कमिट अडकतो तो तिथे.

मग दुसरी चाचणी: सलग लिखाण, पण दहा-पंधरा मिनिटं, आणि दर सेकंदाचा वेग फाइलीत नोंदवा. टीएलसी आणि क्यूएलसी (एका पेशीत तीन आणि चार बिट ठेवणाऱ्या) एसएसडी आपल्या नँडचा काही भाग एका पेशीत एकच बिट ठेवून कॅश म्हणून वापरतात. ती भरली की आलेख कड्यावरून कोसळावा तसा खाली येतो. क्यूएलसीमध्ये हार्डडिस्कच्याही खाली जाऊ शकतो. डिस्क जितकी भरलेली तितकी ही कॅश लहान, म्हणून चाचणी रिकाम्या डिस्कवर नको, ७०–८० टक्के भरलेल्या अवस्थेत करा.

कॉम्प्रेशन असलेल्या फाइलसिस्टीमवर बफर दर वेळी नवा भरण्याचा पर्याय द्या, नाहीतर त्याच त्या बाइट्स दाबून खोटा वेग दिसेल. वाचनाची चाचणी घेताना फाइल रॅमच्या किमान दुप्पट ठेवा.

कोनाडा

आभार. एक अवांतर: एसएसडीवर स्नॅपशॉट ठेवले तर ट्रिमचं (मोकळी जागा एसएसडीला कळवण्याचं) काय होतं?

शिंपला

स्नॅपशॉटने धरलेले तुकडे फाइलसिस्टीमच्या दृष्टीने वापरातच असतात. तुम्ही फाइल पुसली तरी शेवटचा स्नॅपशॉट जाईपर्यंत एसएसडीला "ही जागा मोकळी" असं कुणी सांगत नाही. म्हणून ८० टक्के भरलेलं दिसत असताना उरलेली जागा खरंच हवी असते. एसएसडीला पान लिहिता येतं, पण पुसताना अनेक एमबींचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. मोकळी जागा कमी असेल तर जिवंत पानं इकडून तिकडे हलवण्यातच तिचा वेळ जातो.

बीटीआरएफएसमध्ये कर्नल ६.२ पासून असिंक डिस्कार्ड (मागे चालणारं ट्रिम) आपोआप चालू असतं. ईएक्सटी४, एक्सएफएसला एफएसट्रिमचा साप्ताहिक टायमर चालू ठेवा. झेडएफएसमध्ये ऑटोट्रिम मुळात बंद असतं. आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर त्या थरात डिस्कार्डला वेगळी परवानगी द्यावी लागते, नाहीतर वरून कितीही ट्रिम करा, खाली पोचतच नाही. ही परवानगी दिल्यावर कोणते ब्लॉक रिकामे आहेत ते बाहेरून कळू शकतं, तेवढं मान्य असेल तरच द्या.

चौकट

कुणी नोएटाइमचं (फाइल वाचल्याची वेळ न नोंदण्याच्या पर्यायाचं) नाव काढलं नाही. नेहमीचा रिलेटाइम असला तरी फाइल वाचताना दिवसातून एकदा वेळ लिहिला जातो. कॉपी-ऑन-राइटमध्ये त्यासाठी मेटाडेटाचं पान नव्या जागी जातं, आणि जुनं स्नॅपशॉटकडे राहतं. लाखो फोटोंवर रोज शोधसूची चालवली तर फक्त वाचूनही स्नॅपशॉट फुगतात. माउंटमध्ये नोएटाइम घाला.

कंदील

चौकट, +१. फार महत्त्वाचं आणि कायम राहून जाणारं.

दशदिशा

स्नॅपशॉट पुसताना कमिट का अडकतात, हे राहिलं. बीटीआरएफएसमध्ये पुसण्याची कमांड लगेच परतते, पण मागे क्लीनर नावाचा कर्नल थ्रेड त्या स्नॅपशॉटचं झाड चालत प्रत्येक एक्स्टेंटचे संदर्भ कमी करत बसतो. विखुरलेल्या इमेजचे दीड लाख एक्स्टेंट, त्यांचे डझनावारी स्नॅपशॉट, आणि सगळा मेटाडेटा फिरत्या डिस्कवर. त्यात कोटा चालू असेल तर प्रत्येक एक्स्टेंट कुणाकुणाचा याचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

पहाटवारा, कोटा चालू आहे का? स्नॅपशॉट सांभाळणारी काही साधनं तो स्वतःच चालू करतात.

पहाटवारा

चालू होता! मला कल्पनाच नव्हती. बंद केला. रात्रीची साफसफाई आत्ताच हातानं चालवून पाहिली, अडकणं बरंच कमी झालंय.

कोनाडा

मग आता डीफ्रॅग चालवला की इमेजचाही प्रश्न मिटेल?

दशदिशा

नका! बीटीआरएफएसचा डीफ्रॅग स्नॅपशॉटशी असलेली भागीदारी तोडतो. ४० जीबीची फाइल नव्याने लिहिली जाईल आणि जुने ४० जीबी स्नॅपशॉट धरून बसतील. तीन इमेज आणि डेटाबेस धरला तर ९ टक्क्यांतले किती उरतील?

आधी बॅलन्स (बीटीआरएफएसचे चंक, म्हणजे तिने घेतलेले जागेचे मोठे ठोकळे, नव्याने भरणं), तोही गाळणी लावून: डेटा-वापर ३० टक्क्यांहून कमी असलेले चंकच फक्त. मग ५०. मेटाडेटाला हात लावू नका. अर्धवट रिकामे चंक एकत्र झाले की नियुक्त न झालेली जागा परत मिळते. गाळणीशिवाय बॅलन्स म्हणजे अख्खी डिस्क पुन्हा लिहिणं, ८ टीबीवर ते दिवसचे दिवस चालेल.

चौकट

नवी बीकॅशएफएस कुणी विचारात घेतली का? तिच्यात वेगवान आणि संथ डिस्क एकाच फाइलसिस्टीममध्ये घेण्याची सोय आहे.

लोहबंद

कल्पना सुंदर आहे. पण ती कर्नल ६.७ मध्ये आली आणि ६.१८ मध्ये मुख्य कर्नलमधून बाहेर काढली गेली, आता स्वतंत्र मॉड्यूल म्हणून चालते. ज्या डेटाची दुसरी प्रत आहे तिथे प्रयोग जरूर करा.

मोजपट्टी

मूळ प्रश्नाकडे येतो. पहाटवारा, तुमच्याकडे जे आहे त्यातच भागतं.

एनव्हीएमईवरच्या मोकळ्या जागेत एक्सएफएस बनवा. हल्लीची एमकेएफएस (फाइलसिस्टीम बनवणारी कमांड) रीफलिंक आपोआप चालू ठेवते. डेटाबेस आणि तिन्ही इमेज तिथे हलवा. हार्डडिस्कची जोडी बीटीआरएफएसच राहू दे: फोटो, कागदपत्रं आणि बॅकअप. तासाचे स्नॅपशॉट फक्त कागदपत्रांना. फोटोंना दिवसाचा पुरे.

इमेजचा बॅकअप असा: व्हीएम क्षणभर गोठवा, इमेजची रीफलिंक कॉपी करा (लगेच होते), व्हीएम सोडा, आणि ती कॉपी निवांत हार्डडिस्कवर न्या. मग रीफलिंक कॉपी पुसा. रीफलिंकनंतर एक्सएफएसही बदललेले तुकडे नव्या जागी लिहिते, पण साधारण १२८ केबीच्या पटीत जागा घेऊन, त्यामुळे विखुरणं आटोक्यात राहतं. आणि एनव्हीएमईवर तेवढं परवडतं, हे वर मोजलंय.

अभ्रक

डेटाबेसचं वेगळं लिहितो, कारण आता तो आरशाबाहेर एकट्या एनव्हीएमईवर आला. पोस्टग्रेसचं वॉल (प्रत्येक बदलाची आधी लिहिली जाणारी नोंदवही) आर्काइव्ह हार्डडिस्कवर चालू करा. एक सेगमेंट १६ एमबीचा, सलग लिहिला जातो, फिरत्या डिस्कला हे काम मनापासून आवडतं. आर्काइव्ह टाइमआउट पाच मिनिटं ठेवा. एनव्हीएमई गेलीच तर आठवड्याचा बेस बॅकअप आणि हे सेगमेंट मिळून शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत परत येता येतं. तासाच्या स्नॅपशॉटपेक्षा हे कितीतरी बारीक आहे.

डेटाबेसची फोल्डर आणि त्याचं वॉल वेगळ्या फाइलसिस्टीमवर ठेवून दोघांचे वेगवेगळे स्नॅपशॉट कधीच घेऊ नका. दोन क्षणांतलं अंतर कितीही लहान असलं तरी त्यातून उभा केलेला डेटाबेस विश्वासाचा नाही. बीटीआरएफएसमध्ये हाच सापळा सबव्हॉल्यूमच्या रूपात आहे: आतला सबव्हॉल्यूम बाहेरच्याच्या स्नॅपशॉटमध्ये येत नाही, तिथे रिकामं फोल्डर दिसतं.

उंबरठा

मोजपट्टी, एक अडचण. रोज रात्री ४० जीबीची इमेज सीपीने बीटीआरएफएसवर गेली आणि वर ३० दिवसांचे स्नॅपशॉट, तर एका इमेजचेच १२०० जीबी झाले. आरसरिंक (फक्त बदललेला भाग पाठवू शकणारं कॉपीचं साधन) वापरावं लागेल, जागच्या जागी आणि होल-फाइल बंद करून. नुसता इनप्लेस पर्याय पुरत नाही, कारण दोन्ही बाजू एकाच मशीनवर असतील तर आरसरिंक मुळात अख्खी फाइलच पाठवतं.

दशदिशा

पण मग बॅकअपची प्रत पुन्हा विखुरणार. जिथून निघालो तिथेच आलो ना?

मोजपट्टी

प्रत विखुरेल हे खरं. पण तासाला नाही, रात्रीतून एकदा, आणि ती फाइल चालत्या व्हीएमची नाही. मात्र होल-फाइल बंद केल्यावर आरसरिंक जुळवणीसाठी जुनी प्रत रोज वाचतं, म्हणजे उड्यांचा वेळ रोज मोजावा लागेल. म्हणून महिन्याच्या पहिल्या तारखेला नव्या नावाने एक संपूर्ण सलग प्रत, आणि महिनाभर तिच्यावर जागच्या जागी बदल. एका इमेजला महिन्याला ४० जीबी अधिक बदललेले तुकडे. १२ महिन्यांचे अर्धा टीबीच्या आसपास, तीन इमेजचे दीड.

दशदिशा

हे पटलं. १२ ऐवजी ६ महिने ठेवले तर ९ टक्क्यांची अडचणही सुटते.

पहाटवारा

ठरलं. आज बॅलन्स ३० ची गाळणी लावून, मग एक्सएफएस, मग आधी डेटाबेस, नंतर एकेक व्हीएम. इमेजच्या मासिक प्रती ६. जुने स्नॅपशॉट इमेज हलवल्यानंतर एकदम पुसू का?

दशदिशा

एकदम नको. नवी प्रत व्हीएम सुरू करून तपासा, डेटाबेस नव्या जागेवरून चालतोय याची खात्री करा. मग सगळ्यात जुन्यापासून पाच-पाच करून पुसा, आणि प्रत्येक खेपेनंतर सबव्हॉल्यूम सिंक कमांड देऊन क्लीनर संपेपर्यंत थांबा. जागा परत आलेली यूसेजमध्ये दिसेल, त्यानंतरच ५० ची गाळणी.